गृहपाठाला दिलेली गाडी

माझी गाडी मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना, नववी डच्या मुलांना गृहपाठ म्हणून वाटून टाकली, ही गोष्ट माझ्या सासऱ्यांना अजून नीटशी कळलेली नाही. गाडी मूळची त्यांची. जावयाच्या हवाली करताना ते फक्त "जपा हो" एवढंच म्हणाले होते. मी ती एकट्याने न जपता गावभर जपायला दिली, यात त्यांच्या शब्दाबाहेर गेलो असं मला तरी वाटत नाही.

सुरुवात आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी केली. नववीला यंदापासून एक व्यवसाय विषय शिकवायचा असा वरून आदेश आला आणि आमच्या शाळेच्या वाट्याला मोटार दुरुस्ती आली. शिकवायला जे गृहस्थ नेमले होते ते एकदा येऊन नववी ड बघून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. बाईंनी मला बोलावलं.

"सर, हा विषय तुम्ही घ्या."

"बाई, मी इतिहास-भूगोलाचा शिक्षक आहे."

"पण अख्ख्या स्टाफमध्ये गाडी तुमच्या एकट्याकडे आहे. आणि मी या खिडकीतून रोज बघते ना, तुम्ही गाडीत कमी आणि गाडीखाली जास्त असता."

"मला ती दुरुस्त करता येत नाही, म्हणून मी खाली असतो."

"प्रयत्न तर करता? बाकीचे तेवढंही करत नाहीत."

एखाद्याच्या दुःखाची अनुभव म्हणून नोंद करून घेण्याची ही हातोटी असल्याशिवाय माणूस मुख्याध्यापक होत नाही. मी हो म्हणून बाहेर पडलो.

नववी ड म्हणजे काय हे सांगायला हवं. आमच्याकडे हुशार मुलं अ मध्ये, मेहनती ब मध्ये, बरी क मध्ये आणि मग जी राहतील ती ड मध्ये. गणिताचे सर या वर्गाला "भागाकाराची बाकी" म्हणत. हे गणिताचे सर स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. कडक इस्त्री, कडक आवाज, आणि खडूचा एक कणही बाहीवर नाही. त्यांची स्वतःची मुलगी नववी ड मध्येच होती. हे शाळेत शिपायापासून बाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कधी बोलत नसे. सर तर वर्गात तिला नावाने हाकही मारत नसत. हजेरीतल्या नंबरानेच उठवत. गणितात ती नेमाने नापास होई, आणि पेपर वाटताना तिच्या बाकापाशी ते जरा भराभर चालत.

मी शिकवायला लागलो. आता ज्याने जन्मभर इतिहास शिकवला तो इंजिनसुद्धा इतिहासासारखंच शिकवणार. पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिलं, 'गाडी बंद पडण्याची कारणे: (अ) तात्कालिक (आ) दूरगामी.' पेट्रोल संपणे हे तात्कालिक. टाकी गळत असूनही तिकडे काणाडोळा करणे हे दूरगामी. मग 'टीपा लिहा: क्लच', मग 'रेडिएटर नसता तर?' इंजिनातल्या तेलाचा प्रवास मी भूगोलाच्या पद्धतीने उगमापासून मुखापर्यंत नकाशा काढून दाखवला. स्वतःची स्तुती करू नये, पण तो नकाशा फार देखणा झाला होता.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, पण हे उघडून कधी बघायचं?"

हा प्रश्न इतिहासात मला कधी कोणी विचारला नव्हता. मी खिडकीबाहेर बघितलं. मैदानाच्या कडेला माझी गाडी उभी होती. मुलांनीही तिकडेच बघितलं. त्या क्षणी गाडीच्या जागी मी असतो तर पळून गेलो असतो, पण ती सकाळीच बंद पडलेली होती.

दोन जोडतासांत नववी डने माझी गाडी सोलली. दारं, चाकं, दिवे, रेडिएटर, कार्ब्युरेटर, पंखा, पट्टा, हॉर्न. ज्या वर्गाला कंस सोडवता येत नाहीत त्या वर्गाने एकही नट न हरवता गाडी सोडवली. मी पुस्तक हातात धरून "सावकाश, सावकाश" एवढंच म्हणत होतो. शेवटी शाळेच्या हॉलभर वर्तमानपत्रांवर सुटी गाडी मांडून ठेवलेली, आणि तेवढ्यात घंटा झाली. दारात गाण्याच्या बाई पेटी घेऊन उभ्या. "सर, माझा तास आहे. हे आवरा."

कुठे आवरू? खोली नाही, कपाट नाही. अशा प्रसंगी शिक्षकाला सुचतं तेच मला सुचलं. तासात संपलं नाही की आम्ही काय करतो?

"प्रत्येकाने एक एक भाग घरी न्या," मी म्हणालो. "स्वच्छ करायचा, त्याची आकृती काढायची, आणि तो काय काम करतो ते सांगता आलं पाहिजे. हा गृहपाठ."

त्या दिवशी शाळा सुटल्यावरचं दृश्य मी विसरणार नाही. दोन मुलं बॉनेट डोक्यावर घेऊन निघाली होती. चौघं रस्त्याने माझी चाकं पळवत होती. एक जण नुसतं स्टिअरिंग हातात धरून, वळणावर नीट वळवत, एकटाच घरी गेला. मैदानावर उरलेला माझ्या गाडीचा सांगाडा बघून मला नाही म्हटलं तरी गलबलून आलं.

घरी सौभाग्यवतींनी विचारलं, "चालत आलात? गाडी कुठाय?"

"नववी ड मध्ये."

"परत कधी येणार?"

"तपासून झाल्यावर."

तिने उंबऱ्यातली माझी धुळीची पावलं बघितली आणि केरसुणी आणली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. ते बँकेतून निवृत्त झाले असले तरी सल्ल्यातून झालेले नाहीत. जिन्यातच त्यांनी मला गाठलं. "तुम्ही पावत्या घ्यायला हव्या होत्या. आणि माझं ऐका, इंजिन कधीही एका मुलाला पूर्ण देऊ नये. माझ्या मेहुण्याने दिलं होतं." मेहुण्याचं पुढे काय झालं ते त्यांनी तीन जिने चढेपर्यंत सांगितलं, आणि दाराशी पोचल्यावर कळलं की ते शिवणयंत्र होतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या कारकुनाने छळ मांडला. त्यांचं म्हणणं, मैदानाची ती कड वाहनांसाठी आहे, आणि चाकं नसलेली वस्तू वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. ते भंगार झालं. मी म्हटलं, मग भंगार म्हणून ठेवा. तर भंगार ठेवायला समिती लागते, आणि समिती भंगाराचा लिलाव करते. "मग हलवतो," मी म्हणालो. "कशी हलवणार? चाकं कुठायत?" कारकून म्हणाले, आणि या पेचावर स्वतःच खूश होऊन चहा प्यायला गेले.

त्यात घरोघरच्या बातम्या. एका आईने इंजिनाची हवा गाळायची जाळी कपड्यांबरोबर धुऊन चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. एका मुलाच्या वडिलांनी, जे त्याचे सगळेच प्रकल्प करून देतात, माझ्या इंजिनाच्या झाकणाला रात्र जागून निळा रंग दिला आणि वर चंदेरी नक्षी काढली. पंख्याचा पट्टा नेलेला मुलगा मान खाली घालून म्हणाला, "सर, कुत्र्याने खाल्ला." हे कारण मी नोकरीभर ऐकत आलोय आणि एकदाही त्यावर विश्वास ठेवलेला नाही. त्याने दप्तरातून पट्टा काढला. त्यावर दातांचे ठसे होते. नोकरीत पहिल्यांदा मी एका मुलाची माफी मागितली.

हॉर्नची तर कथाच निराळी. तो ज्याच्या घरी गेला तिथे आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. नातवाने जुन्या बॅटरीवर हॉर्न लावून दाखवला आणि आजोबांना तो इतका आवडला की त्यांनी तो पलंगाला बांधून घेतला. पाणी हवं, एकदा. चहा हवा, दोनदा. मी परत मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं आणि लांबलचक एकदाच वाजवला. सून म्हणाली, "म्हणजे तुम्ही जा, असं म्हणतायत ते."

पण मुख्य गोष्ट वेगळीच घडत होती आणि ती सांगताना माझी छाती आजही फुगते. वर्गात कोणाला कोणाचं नाव लक्षात राहीना. मी हजेरी घेई ती अशी: "रेडिएटर?" "हजर सर." "कार्ब्युरेटर?" "हजर." "सायलेन्सर?" सायलेन्सर हा वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगा. प्रत्येकाला आपला भाग असा पाठ की झोपेत विचारलं तरी सांगतील. मधल्या सुट्टीत भांडणं व्हायची ती, "माझ्याशिवाय तुझं पाणी थंड होईल का रे?" अशी. ज्या वर्गाला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं तो वर्ग आता एकमेकांना विचारत होता, आणि मी मध्ये पुस्तक घेऊन, कळल्यासारखी मान हलवत उभा असे.

गणिताच्या सरांच्या मुलीकडे डिस्ट्रिब्युटर होता. हा गाडीतला वाढपी. ठिणगी आली की इंजिनाच्या चारही सिलिंडरना पाळीपाळीने वाढायचं हे त्याचं काम. मुलगी फार कमी बोलायची. पण डिस्ट्रिब्युटरवर जी गोल टोपी असते, तिच्यातल्या प्रत्येक वायरला तिने वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. मला तिने तीन वेळा काहीतरी समजावून सांगितलं, तिन्ही वेळा मी "शाब्बास" म्हणालो.

एके दिवशी गणिताचे सर स्टाफरूममध्ये आले ते लालबुंद होऊन. हातात मुलीने काढलेल्या आकृतीचा कागद. तो त्यांनी माझ्यासमोर आपटला.

"वाचा! मोठ्याने वाचा!"

कागदावर लिहिलं होतं: एक, तीन, चार, दोन.

"पोरगी नववीत आहे आणि तिला चारपर्यंत मोजता येत नाही! होतं नव्हतं तेही गेलं! तुमच्या त्या गॅरेजात जायला लागल्यापासून गेलं!"

"अहो सर, तो ठिणगीचा क्रम आहे," मी म्हणालो.

"क्रम एकच असतो. एक, दोन, तीन, चार. मी हयातभर तोच शिकवलाय."

"इंजिनात तसा नसतो."

"का नसतो?"

इथे मी छताकडे बघितलं. मुलीने तीनदा सांगितलेलं मला एकदाही कळलं नव्हतं. माझा चेहरा बघून सरांनी कागदाची घडी केली आणि ते सरळ बाईंच्या केबिनमध्ये गेले. बाई माणूस न्यायी. त्यांनी मला बोलावून निकाल सांगितला: शिक्षणाधिकारी साहेब लवकरच हा वर्ग बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर गाडी चालू झाली तर विषय राहील. नाही झाली तर ते तास बंद, आणि त्या वेळात नववी डला गणिताचे जादा तास. ते सर घेतील.

मी वर्गात हे सांगितलं. डिस्ट्रिब्युटरने हातातली टोपी फडक्यात गुंडाळली आणि परत उलगडली. बाकीच्यांसाठी जादा तास म्हणजे कंटाळा होता. तिच्यासाठी तो तास शाळेत संपणारा नव्हता, घरीही चालू राहणार होता.

मग मुलांनी गाडी जोडायला घेतली. मी काय केलं विचाराल तर मी नट पिळायचे पाने पुसून हातात दिले. नक्षीदार निळं झाकण बसलं, दुसरा पट्टा आला, चाकं लागली. कारकून येऊन बघून गेले आणि "आता वाहन वाटतं" असं नाखुशीने म्हणाले. हॉर्न मात्र आजोबांनी सोडला नाही. साहेब यायच्या आदल्या दिवशी सगळं तयार होतं. फक्त डिस्ट्रिब्युटरच्या वायरी शेवटचं पुसायचं म्हणून मुलीने काढल्या होत्या. "उद्या सकाळी लावते सर," ती म्हणाली.

सकाळी ती आलीच नाही. साहेब आले, पांढऱ्या स्वच्छ शर्टात, बाई पुढे, स्टाफ मागे, नववी ड गाडीभोवती ओळीने उभी, आणि डिस्ट्रिब्युटर गैरहजर. मी गणिताच्या सरांना बाजूला घेतलं.

"मुलगी कुठाय सर?"

"वरच्या मजल्यावर बसवलीय. पाढे लिहितेय."

"अहो, वायरी तिलाच लावता येतात!"

"त्यात काय आहे?" सर म्हणाले. त्यांनी बाह्या सरसावल्या, जे त्यांनी त्याआधी कधी केल्याचं मला आठवत नाही. "सिलिंडरला नंबर आहेत. टोपीवर जागा आहेत. पहिली पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला. आणा इकडे."

मी अडवायला हवं होतं. पण साहेब घड्याळ बघत होते, आणि खरं सांगतो, मलाही ते पटलं. सरांनी वायरी एक, दोन, तीन, चार अशा लावल्या. सायलेन्सर म्हणाला, "सर, ती असं नाही लावत." सरांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपल्या नावाला जागला. मी आत बसलो आणि चावी फिरवली.

ठो!

असा आवाज मैदानाने कधी ऐकला नसेल. कार्ब्युरेटरच्या तोंडातून भडका आणि काळा लोट निघाला. तो साहेबांच्या शर्टावर थोडा आणि गणिताच्या सरांच्या चेहऱ्यावर भरपूर बसला. गाण्याच्या बाईंनी पेटी टाकली. कारकून "भंगार!" म्हणून ओरडले. गाडी दोनदा उचकी देऊन गप्प झाली. साहेबांनी रुमाल काढला, शर्ट झटकला आणि बाईंना म्हणाले, "मला वाटतं बघून झालं."

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मुलगी धावत आली, हातात पाढ्यांची वही तशीच. आवाज ऐकून तिने वरूनच ओळखलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, साहेबांकडेही नाही.

"एक-दोन-तीन-चार लावलंत ना?" तिने विचारलं. वडिलांना विचारलं, भर मैदानात.

सरांनी काळ्या तोंडाने मान हलवली.

"थांबा साहेब, जाऊ नका," ती म्हणाली. बोटं वायरींवर चालली होती, दोऱ्यांचे रंग बघत. "दोन आणि तीनमधले दट्टे जोडीने वर येतात, जोडीने खाली जातात. पण दोघांचं काम एका वेळी नसतं. त्यातला एक पेट घेतो तेव्हा दुसऱ्याचं दार उघडं असतं. उघड्या दारात ठिणगी पडली की असा ठो होतो. म्हणून दोघांच्या मध्ये दुसऱ्या कोणाची तरी पाळी ठेवायची. एक, तीन, चार, दोन. फिरवा सर."

एवढं सलग बोलताना तिला शाळेत कोणी ऐकलं नव्हतं. मी चावी फिरवली. गाडी एकदा कण्हली, आणि चालू झाली. नुसती चालू नाही. सासऱ्यांच्या काळातही झाली नसेल अशी, एका लयीत, मऊ. मी गिअर टाकला आणि मैदानाला फेरी मारली. हॉर्न नेलेला मुलगा पुढे पळत "पों पों" करत होता, कारण तेवढा एकच भाग कमी होता. नववी ड मागून किंचाळत होती. मला डोळ्यांना नीट दिसेना, आणि ते धुराने नव्हे, हे मी इथे स्पष्टच सांगतो.

फेरी संपवून मी रुबाबात उतरलो. साहेब आता माझ्याशी हात मिळवतील म्हणून मी हात पुसून तयार ठेवला होता. साहेब मला ओलांडून मुलीसमोर जाऊन उभे राहिले.

"छान समजावलंस. विषय चालू राहील, बाई." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "कोणाची मुलगी ही?"

बाईंनी जमिनीकडे बघितलं. कारकुनांनी आभाळाकडे. इतकी वर्षं न बोलायची सवय होती सगळ्यांना. मुलगी वहीचा कोपरा मुडपत उभी राहिली.

"माझी," गणिताचे सर म्हणाले. मग बहुधा साहेबांना ऐकू गेलं नसेल असं वाटून ते मोठ्याने, अगदी मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी मुलगी आहे ती!" आणि सगळ्यांदेखत तिला नावाने हाक मारली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सर माझ्या शेजारी येऊन बसले. कानामागे थोडी काजळी राहिली होती. ती त्यांनी घासली नव्हती की घासायची नव्हती, कोण जाणे. खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "ते दोन आणि तीनचं जरा सांगता?"

"मला कुठे येतंय?" मी म्हणालो. "घरी आहे की सांगणारी."

"तिने काल दोनदा सांगितलं हो. तिसऱ्यांदा विचारलं तर काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, 'बाबा, तुमचा पाया कच्चा आहे.'"

हे मला सांगून झाल्यावर ते उठले आणि गाण्याच्या बाईंना सांगायला गेले, मग कारकुनांना, आणि मग बाईंच्या केबिनचं दार वाजवलं.